दुसरं करून दाखवलंस का?

आमच्या शाळेच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर दर चार-सहा महिन्यांनी जॉन हॅरिसनची गोष्ट फिरते, बहुतेकांनी वाचली असेल. इंग्लंडमधला सुताराचा पोरगा, कॉलेजचं तोंड बघितलेलं नाही, त्याने असं घड्याळ बनवलं की भर समुद्रात जहाज नेमकं कुठे आहे ते कळायला लागलं, आणि सरकारी कमिटीवरच्या शिकलेल्या शहाण्यांनी बक्षिसासाठी त्याला म्हातारा होईपर्यंत रखडवलं. खाली हात जोडलेल्या इमोजीसकट एक ओळ असते, आपल्याकडे पण असे हॅरिसन गल्लोगल्ली आहेत पण सरकार विचारत नाही. मग दहा-पंधरा अंगठे पडतात आणि पुढचा मेसेज गुड मॉर्निंगचा.

यातली अर्धी गोष्ट मला मान्य आहे. उरलेल्या अर्ध्यावर माझं भांडण आहे. मी पडलो कॅलिब्रेशनवाला, भोसरीत एका लॅबमध्ये कामाला आहे, आसपासच्या कंपन्यांचे प्रेशर गेज, व्हर्नियर, मायक्रोमीटर, थर्मामीटर आमच्याकडे येतात, आम्ही ते मास्टरला, म्हणजे खात्रीच्या मापाला, लावून बघतो आणि किती चुकतंय त्याचं सर्टिफिकेट देतो. दिवसभर एकच काम, हे उपकरण खरं बोलतंय की खोटं. त्यामुळे हॅरिसनच्या गोष्टीत बाकीच्यांना हिरो आणि व्हिलन दिसतात तिथे मला एक उपकरण आणि एक टेस्ट दिसते, आणि खरं सांगायचं तर त्या बदनाम कमिटीने विचारलेला एक प्रश्न मला शंभर टक्के बरोबर वाटतो. बाबा, तुझं घड्याळ भारी आहे हे मान्य, पण तुझ्याशिवाय दुसऱ्या कुणाला ते बनवता येतं का?

आधी भानगड काय होती ते थोडक्यात. जहाज उत्तर-दक्षिण कुठे आहे ते सूर्य किंवा ध्रुवतारा बघून कळायचं, पण पूर्व-पश्चिम कळायचं नाही. पृथ्वी २४ तासांत ३६० अंश फिरते, म्हणजे एका अंशाला ४ मिनिटं. तुमच्या डोक्यावर दुपारचे बारा वाजले तेव्हा लंडनमध्ये किती वाजलेत एवढं कळलं की झाला हिशोब. पण लंडनची वेळ समुद्रात न्यायची कशी? लंबकाचं घड्याळ हेलकाव्यात चालत नाही आणि त्या काळातली खिशातली घड्याळं दिवसाला मिनिटभर सहज इकडे-तिकडे व्हायची, विषुववृत्तावर मिनिटभर चूक म्हणजे जवळपास २८ किलोमीटर. १७०७ मध्ये इंग्लंडची चार लढाऊ जहाजं आपण कुठे आहोत याचा अंदाज चुकून सिली बेटांच्या खडकांवर फुटली, हजाराच्या वर माणसं गेली. १७१४ मध्ये पार्लमेंटने कायदा केला, रेखांश अर्ध्या अंशाच्या आत सांगणारी पद्धत देईल त्याला २०,००० पौंड. अर्धा अंश म्हणजे वेळेत दोन मिनिटं, वेस्ट इंडीजच्या सहा आठवड्यांच्या सफरीत सगळी मिळून फक्त दोन मिनिटं, म्हणजे दिवसाला तीन सेकंदसुद्धा नाहीत.

(आपल्याकडे हा प्रश्न कुणाला पडला का, असं मला एकाने विचारलं होतं. आंग्र्यांची गुराबं-गलबतं मुख्यतः किनाऱ्याच्या अंगाने फिरायची, डोळ्यासमोर सह्याद्री असताना रेखांश कशाला लागतोय. आणि १७५६ च्या फेब्रुवारीत विजयदुर्गाला तुळाजी आंग्र्यांचं आरमार जळालं, तेही इंग्रज आणि पेशवे एकत्र येऊन, तेव्हा तिकडे लंडनमध्ये हॅरिसन आपलं चौथं घड्याळ घासत बसला होता. ते चांगलं दुखणारं प्रकरण आहे, पण वेगळं.)

तर हॅरिसन. जन्म १६९३, यॉर्कशायर. आधी लाकडाची घड्याळं बनवायचा, तीसुद्धा अशी की तेल घालायची गरज नाही कारण चाकाच्या आसाला असं लाकूड वापरलं की त्यातूनच तेलकटपणा सुटतो. १७३५ मध्ये समुद्रासाठी पहिलं घड्याळ तयार, वजन ३४ किलो, घड्याळ कसलं, पिंपच. १७३६ मध्ये ते लिस्बनपर्यंत नेऊन आणलं आणि परतताना समोर दिसणारी जमीन कुठली याबद्दल हॅरिसनचं म्हणणं बरोबर ठरलं, जहाजाच्या लोकांचा हिशोब साठेक मैल चुकला होता.

आता फॉरवर्डवाल्या गोष्टीत जे कधीच नसतं ते बघा. १७३७ मध्ये रेखांश मंडळाची, म्हणजे त्याच बदनाम कमिटीची, पहिली नोंदलेली बैठक झाली, कायदा होऊन २३ वर्षं गेल्यावर. हॅरिसनने तिथे फक्त एवढं म्हणायचं बाकी होतं की आता वेस्ट इंडीजला पाठवा आणि माझं बक्षीस द्या. तो काय म्हणाला? यात अजून दोष आहेत, मला थोडे पैसे द्या, मी यापेक्षा चांगलं बनवतो. बक्षिसाच्या दारात उभा राहून स्वतःच्याच मालावर बोट ठेवलं. मंडळाने ५०० पौंड कबूल केले, अर्धे आधी, अर्धे नंतर. दुसरं घड्याळ बनवलं, तेही त्यालाच पसंत पडलं नाही. तिसऱ्यावर १९ वर्षं घालवली. एकोणीस! त्यात थंडी-उन्हाने होणारा फरक मारायला दोन धातू एकमेकांना चिकटवलेली पट्टी केली, तीच कल्पना पुढे इस्त्रीच्या आणि फ्रिजच्या थर्मोस्टॅटमध्ये आली. आणि एवढं सगळं करून त्याच्या लक्षात आलं की मोठं यंत्र हा रस्ताच चुकीचा आहे, वेगाने टिकटिकणारं छोटं घड्याळ समुद्राचे धक्के जास्त चांगले पचवतं. १७५९ मध्ये चौथं तयार झालं, १३ सेंटीमीटर रुंद, दीड किलोच्या आत वजन, दिसायला आजोबांच्या खिशातल्या घड्याळाचा थोरला भाऊ.

म्हणजे हॅरिसनला सगळ्यात जास्त रखडवलं कुणी? पहिली वीस-बावीस वर्षं तरी हॅरिसननेच. आणि ते चांगलं केलं असं माझं मत आहे.

१७६१ च्या नोव्हेंबरात त्याचा मुलगा विल्यम घड्याळ घेऊन जमैकाला निघाला. ८१ दिवसांनी हिशोब केला तर घड्याळ ५ सेकंद मागे. आता इथे थांबा, कारण हा ५ सेकंदांचा आकडा सगळीकडे छापतात पण तो कसा आला ते सांगत नाहीत. घड्याळ प्रत्यक्षात दिवसाला पावणेतीन सेकंदांच्या आसपास मागे पडायचं, तेवढं ठरावीक मागे पडणं हिशोबात धरून उरलेली चूक ५ सेकंद. यात फसवणूक काही नाही. आमच्याकडे एखादा गेज येतो जो कायम ०.२ बार (बार म्हणजे दाबाचं एकक) जास्त दाखवतो, तो खराब नाही, सर्टिफिकेटवर लिहितो की एवढं वजा करा, आणि कंपनी तो वर्षानुवर्षं वापरते. खराब तो जो आज ०.१ जास्त दाखवतो आणि उद्या ०.३ कमी, त्याला आम्ही लाल स्टिकर लावतो. चूक असू दे, पण एकसारखी पाहिजे, आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे आधी सांगितलेली पाहिजे. इथेच घोळ होता. दिवसाला किती मागे पडतंय हा आकडा सफरीआधी मंडळाशी ठरवून घेतला नव्हता. शिवाय जमैकाचा रेखांशच तेवढ्या बारकाईने माहीत नव्हता, म्हणजे आमच्या भाषेत मास्टरच डाऊटफुल. मंडळ म्हणालं पुन्हा जा. फॉरवर्डमध्ये याला छळ म्हणतात. मी त्या खुर्चीत असतो तर मीही सही केली नसती.

दुसरी सफर १७६४ ची, बार्बाडोस. यावेळी विल्यमने आधीच सांगितलं की घड्याळ दिवसाला एक सेकंद पुढे जाईल, आणि शेवटी हिशोबाची चूक निघाली ३९ सेकंदांची, अंतरात १० मैलांच्या आत. मागितलं होतं त्याच्या तिप्पट चांगलं. आधीच्या ५ सेकंदांपेक्षा मला हे ३९ सेकंद जास्त भारी वाटतात कारण ते आधी बोलून करून दाखवलेत.

इथे पैसे द्यायला पाहिजे होते. इथपर्यंत मी कमिटीच्या बाजूने, इथून पुढे नाही.

कारण इथून पुढे कमिटीने तीन गोष्टी केल्या ज्या कुठल्याही टेस्टिंगवाल्याने करू नयेत. एक म्हणजे मॅच चालू असताना नियम बदलले. १७१४ च्या कायद्यात एवढंच होतं की समुद्रावर करून बघून उपयोगी ठरली पाहिजे, १७६५ मध्ये नवा कायदा आणून सांगितलं की घड्याळ उघडून सगळं समजावून दे मग अर्धे पैसे, आणि तसंच दुसऱ्यांदा बनवता येतं हे दिसल्यावर बाकीचे. मागणी रास्त, पण सत्तरी ओलांडलेल्या माणसाला तीस वर्षांनी सांगायची? पहिल्याच बैठकीत लिहून द्यायला काय झालं होतं. दुसरं, १७६५ मध्येच नेव्हिल मॅस्किलिन राजज्योतिषी झाला आणि त्या पदामुळे मंडळावर आला. हा माणूस चंद्र आणि ताऱ्यांमधलं अंतर मोजून रेखांश काढायच्या पद्धतीचा पुरस्कर्ता, म्हणजे त्याच स्पर्धेतल्या दुसऱ्या टीमचा कोच. आणि हॅरिसनचं घड्याळ ग्रीनिचच्या वेधशाळेत दहा महिने तपासायला दिलं कुणाकडे, तर याच्याकडेच. त्याचा रिपोर्ट काय येणार ते सांगायला नको. आणि ती जुनी मोठी घड्याळं हॅरिसनच्या घरून उचलून नेताना पहिलंच घड्याळ पाडलं. (कुरियरवाल्यांनी आमचे मास्टर गेज आपटलेत तेव्हा मला काय झालं होतं ते आठवतं, आणि ते गेज मी बनवलेले पण नव्हते.) तिसरी गोष्ट, निकाल कधी लागणार याची तारीखच नाही.

मॅस्किलिनला लोक सरसकट व्हिलन करतात ते मात्र मला पटत नाही. त्याने १७६७ सालापासून दरवर्षी नाविक पंचांग काढायला सुरुवात केली, ग्योटिंगेनच्या टोबियास मायरच्या चंद्राच्या कोष्टकांवर आधारलेलं, आणि चार तास घेणारी आकडेमोड बरीच सोपी करून दिली. पंचांग विकत घ्यायला कुणाही खलाशाला परवडत होतं. घड्याळ एकच होतं. हाच तर मुद्दा आहे! जहाजं शेकड्याने आणि घड्याळ जगात एक. लंडनच्या लार्कम केंडल नावाच्या घड्याळजीने हॅरिसनच्या चौथ्या घड्याळाची हुबेहूब नक्कल केली, त्याला सुमारे अडीच वर्षं लागली आणि ५०० पौंड मिळाले. कॅप्टन कुक १७७२ ते ७५ च्या दुसऱ्या सफरीत हीच नक्कल घेऊन गेला, अंटार्क्टिकाच्या बर्फापासून उष्ण कटिबंधापर्यंत सगळीकडे, आणि परत आला तेव्हा घड्याळाची तारीफ करून थकेना. हॅरिसनची बाजू कायमची सिद्ध कशाने झाली म्हणाल तर त्याच्या स्वतःच्या हातच्या घड्याळाने नाही, दुसऱ्याच्या हातच्या नकलेने.

आणि तरी ती नक्कल पण पुढे चालली नाही. केंडल म्हणाला एवढं किचकट काम स्वस्तात होणं शक्य नाही. मग अर्नॉल्ड आणि अर्नशॉ या दोन घड्याळजींनी आतली रचनाच वेगळी आणि सोपी केली, कारागिरांमध्ये काम वाटून दिलं, आणि पुढच्या वीस-तीस वर्षांत किंमत ६०-७० पौंडांवर आणली. तेव्हा कुठे क्रोनोमीटर, म्हणजे जहाजावरचं अचूक घड्याळ, ही वस्तू कॅप्टनच्या केबिनमध्ये सर्रास दिसायला लागली. आपल्या मुंबईत १८२६ मध्ये कुलाब्याची वेधशाळा ईस्ट इंडिया कंपनीने काढली त्यामागे बंदरातल्या जहाजांना अचूक वेळ देणं हे एक मोठं कारण होतं, म्हणजे तोवर घड्याळ लावून घेणारी जहाजं रांगेने येत होती. हॅरिसन नसता तर हे झालं नसतं हे शंभर टक्के खरं, आणि फक्त हॅरिसन असता तरी झालं नसतं हेही खरं.

हॅरिसन तिसऱ्या घड्याळाशी झगडत होता त्या दहा-वीस वर्षांतले बाकीचे शोध काढून बघा, हाच प्रश्न सगळीकडे उभा दिसतो. वीज साठवणारी बाटली आधी सापडली १७४५ मध्ये क्लाइस्ट नावाच्या एका जर्मन पाद्र्याला, पण त्याने लिहून कळवलेलं वाचून इतरांनी केलं तर काही होईना, कारण बाटली हातात धरलेली असणं हाच त्या यंत्राचा भाग आहे ते त्याच्या लिहिण्यातून कुणाला नीट कळलं नाही. काही महिन्यांनी हॉलंडच्या लायडन गावातल्या म्युशेनब्रुकने तोच प्रयोग असा लिहिला की कुणीही करावा आणि झटका खावा, लगेच फ्रान्समध्ये १८० सैनिकांना हातात हात धरून उभं करून राजासमोर एकदम उडवलं. बाटलीला नाव पडलं लायडनचं. क्लाइस्टवर अन्याय झाला का, तर झाला थोडा. पण शोध लागला कधी म्हणायचं, पहिल्याला झटका बसला तेव्हा की दुसऱ्याला बसला तेव्हा?

फ्रँकलिनची पतंगाची गोष्ट सगळ्यांना पाठ आहे. पण ढगातली वीज खांबाने उतरवायचा प्रयोग त्याने लिहून प्रसिद्ध केला होता आणि तो आधी करून दाखवला फ्रेंचांनी, १० मे १७५२ ला पॅरिसजवळच्या मार्ली गावात, चाळीस फुटी लोखंडी सळई उभी करून. गंमत म्हणजे ज्याने मांडणी केली तो दालिबार त्या दिवशी तिथे नव्हताच, राखणीला ठेवलेल्या एका निवृत्त सैनिकाने ठिणगी काढली. दुसरा देश, दुसरी भाषा, तिसऱ्याच माणसाचा हात, आणि निकाल तोच. याच्यापेक्षा मोठं सर्टिफिकेट नसतं. (पुढच्याच वर्षी सेंट पीटर्सबर्गमध्ये रिखमान नावाचा प्रोफेसर असाच प्रयोग करताना वीज अंगावर येऊन गेला, त्यामुळे घरी करू नका.)

आणि प्रश्न विचारला नाही तर काय होतं ते इंग्लंडच्या आरमारातल्या जेम्स लिंड या डॉक्टरकडे बघा. १७४७, सॅलिसबरी नावाचं जहाज, स्कर्व्हीचे १२ पेशंट, दोन-दोनच्या जोड्या, कुणाला व्हिनेगर, कुणाला समुद्राचं पाणी, कुणाला संत्री-लिंबं. सहा दिवसांत फळं संपली पण ती जोडी जवळपास बरी झाली. इतका सुंदर प्रयोग, आणि पुढे याच माणसाने जहाजावर टिकावा म्हणून लिंबाचा रस आटवून घट्ट अर्क करायला सांगितला, आणि त्या अर्काची अशी जोड्या लावून टेस्ट घेतलीच नाही. आटवताना त्यातलं गुणकारी तेच नष्ट होत होतं. मूळ वस्तूला सर्टिफिकेट आणि वापरायची नक्कल बिनतपासणीची! इंग्लंडच्या आरमारात लिंबाचा रस सरसकट द्यायचा निर्णय झाला १७९५ मध्ये, लिंडचा प्रयोग होऊन ४८ वर्षांनी. आमच्याकडे याला म्हणतात सॅम्पल पास आणि लॉट फेल.

आता आपल्याकडे या. पाण्यावर चालणारी मोटरसायकल, विजेशिवाय फिरणारा पंप, अमुक गावच्या तरुणाचा चमत्कार, असला व्हिडिओ आठवड्याला एक तरी येतो. पत्रकार जातो, गाडी चालते, गावचे लोक टाळ्या वाजवतात, शेवटी पोरगा म्हणतो सरकारने लक्ष द्यावं. दुसरी गाडी बनवलीस का, दुसऱ्या गावात, दुसऱ्याने हात लावून चालते का, हे विचारणारा त्या गर्दीत कुणी नसतो, आणि विचारलंच तर तुम्ही मराठी माणसाचे पाय ओढता. १९९६ मध्ये तामिळनाडूत पाला आणि पाणी उकळून पेट्रोल करणारा निघाला होता, देशभर बातम्या, मोठमोठे लोक भुलले, प्रात्यक्षिक त्याच्या हाताने आणि त्याच्याच ढवळणीने होत होतं तोवर पेट्रोल निघायचं. पुढे केस झाली आणि २०१६ मध्ये शिक्षा. आपल्या शिवकर तळपद्यांनी १८९५ मध्ये गिरगाव चौपाटीवर उडवलं म्हणतात ते विमान घ्या, त्या काळची एक धड नोंद नाही, ज्या ग्रंथाचं नाव सांगतात त्यातली विमानं उडूच शकत नाहीत हे बंगळुरूच्या इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ सायन्सच्या लोकांनी १९७४ मध्ये हिशोब मांडून दाखवलं, तरी २०१५ मध्ये मुंबई विद्यापीठात भरलेल्या सायन्स काँग्रेसमध्ये प्राचीन विमानांवर पेपर वाचला गेलाच. एवढी मोठी विद्या आणि दुसरं विमान नाही!

पण मी फक्त एवढंच लिहून थांबलो तर मी पण त्या मंडळासारखाच झालो. कारण दुसरी बाजू आहे दादाजी खोब्रागडे यांची. चंद्रपूर जिल्ह्यातल्या नागभीड तालुक्यातला छोटा शेतकरी, १९८३ मध्ये आपल्या धानात काही लोंब्या वेगळ्या दिसल्या म्हणून बाजूला काढल्या, वर्षानुवर्षं निवडून निवडून लावल्या आणि बारीक, चवीचा, चांगला उतारा देणारा तांदूळ तयार केला. त्याला नाव पडलं एचएमटी, कारण तेव्हा एचएमटीच्या घड्याळाची चलती होती. घड्याळाचं नाव तांदळाला, मला तर हा योग वाचून अंगावर काटा आला होता. या माणसाला दुसरं करून दाखव म्हणायची गरजच नव्हती. बियाणं हातोहात शेजारच्या शेतात गेलं, शेजारच्या जिल्ह्यात गेलं, राज्याबाहेर गेलं आणि तिथे उगवलं. हजारो वेळा पास. तेच बियाणं कृषी विद्यापीठाने नेलं, शुद्ध करून स्वतःच्या नावाची तीन अक्षरं पुढे लावून वाण म्हणून काढलं, मग श्रेयावरून वाद झाला. पुरस्कार मिळाले, राष्ट्रपतींच्या हस्ते सुद्धा, पण २०१८ मध्ये शेवटच्या आजारपणात उपचाराच्या पैशासाठी ओढाताण होती हे पेपरात आलंच होतं.

हॅरिसनला तसं बघितलं तर शेवटी पैसे मिळाले होते. राजा तिसऱ्या जॉर्जने स्वतः त्याच्या पाचव्या घड्याळाची टेस्ट घेतली, मग १७७३ मध्ये पार्लमेंटने ८,७५० पौंड मंजूर केले, आयुष्यभराचं सगळं हप्ता-हप्ता मिळून २३ हजारांच्या घरात जातं. बक्षीस म्हणून मात्र ते कधीच नाही दिलं, मेहरबानी म्हणून दिलं. १७७६ मध्ये तो गेला. आपल्याकडे मेहरबानी पण सत्कारात मिळते, शाल आणि नारळ.

म्हणून माझं म्हणणं असं आहे की मागणी चुकीची होतेय. सरकारने गावठी संशोधकांना मदत करावी या वाक्याला काही अर्थ नाही, मदत म्हणजे फोटो. त्याच्याऐवजी तपासणी मागा. प्रत्येक जिल्ह्यात सरकारी पॉलिटेक्निक नाहीतर इंजिनिअरिंग कॉलेज आहे, तिथल्या लॅबमध्ये मशीन आहेत, काहींवरचं प्लास्टिक अजून निघालेलं नाही. महिन्यातून दोन दिवस दार उघडं ठेवा, कुणीही आपलं यंत्र घेऊन यावं, नोंदवहीत त्याचं नाव आणि तारीख पहिली लिहिली जावी, टेस्ट काय घेणार ते आधी कागदावर ठरावं आणि नंतर त्यात काना-मात्रा बदलायचा नाही, तपासणाऱ्याने आपलं या विषयात काही घेणं-देणं आहे का ते लिहून द्यावं, आणि महिन्याभरात रीडिंग हातात. पास-नापास नाही, रीडिंग. जो म्हणतो पाण्यावर गाडी चालते त्याचंही आणि खोब्रागड्यांचंही. पहिल्या प्रकारचे निम्मे लोक टेस्ट काय आहे ते वाचूनच घरी जातील. गांधीनगरला राष्ट्रीय नवप्रवर्तन प्रतिष्ठान आहे, तिथे असलं काम होतं, नाही असं नाही, पण नागभीडहून गांधीनगर किती लांब पडतं ते नकाशात बघा.

यावर एक आक्षेप मला माहीत आहे आणि तो घरातूनच आला. गेल्या डिसेंबरात आमच्या गावाकडे, नाशिक जिल्ह्यात, तालुक्याच्या विज्ञान प्रदर्शनात मला परीक्षक म्हणून बोलावलं होतं. एका नववीतल्या पोराने कांदा चाळीसाठी डबी बनवली होती, चाळीत दमटपणा वाढला की भोंगा वाजतो. साबणाच्या डबीत बसवलेला सेन्सर, सोल्डरिंग जरा गबाळं पण काम करत होतं, ओलं फडकं जवळ नेलं की लगेच वाजायचं. त्याच्या मामांनी पेपरातलं कात्रण लॅमिनेट करून टेबलावर ठेवलेलं, बालवैज्ञानिक म्हणून. मी विचारलं, दुसरी बनवलीस का? तो म्हणाला, नाही सर, एकच आहे. म्हटलं, मग ही ७० टक्के दाखवतेय ते खरं ७० आहे हे तुला कसं माहिती? पोराचं तोंड एवढंसं झालं. मामा माझ्यावर उखडलेच, अहो साहेब, एवढ्याशा पोराला असं विचारतात का, उत्साह मारता तुम्ही लोक. घरी आल्यावर बायको पण तेच म्हणाली. मी पहिला नंबर दुसऱ्या कुणाला तरी दिला, आणि जेवताना मलाच घास गोड लागेना, की आपण मॅस्किलिन झालो की काय.

निघताना पोराच्या वहीवर नंबर लिहून दिला होता. दीड महिना काही नाही. मग एका रात्री साडेदहाला फोटो आला, पोत्याच्या तरटावर तीन साबणाच्या डब्या ओळीने मांडलेल्या, मधली हिरवी, पहिलीचा पडदा ६४ दाखवतोय, दुसरीचा ७१, तिसरीचा ५९. खाली लिहिलंय, सर तिन्ही एकाच चाळीत ठेवल्यात, यातली खरी कुठली?

मी लिहिलं, शनिवारी भोसरीला ये, तिन्ही घेऊन ये, आणि मामांना पण आण.